६३९९ नंतरची संख्या : इंग्लंडच्या गणित परीक्षेचा पाऊणशे वर्षांचा वाद

६३९९ या संख्येत एक मिळवला तर कोणती संख्या येते?

हा प्रश्न एका सरकारी अहवालातला आहे. १९८२ च्या जानेवारीत तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अहवालाने नोंदवले की सर्वसाधारण मुलाला ६४०० हे उत्तर अकराव्या वर्षी लिहिता येते, दहाव्या वर्षी येत नाही. काही मुलांना मात्र ते सातव्या वर्षीच जमते, आणि काहींना चौदाव्या वर्षीही जमत नाही. अकरा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणावा. हजेरीपटावर सर्वांचे वय एक; गणिताच्या समजेत मात्र सात वर्षांचे अंतर.

या सर्व मुलांची सोळाव्या वर्षी गणिताची परीक्षा घ्यायची आहे. एकच प्रश्नपत्रिका दिली तर अर्ध्या वर्गाला ती पेलवत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिल्या, तर सोपी कोणाला द्यायची हे आधीच ठरवावे लागते, आणि ते ठरले की त्या मुलाची वरची वाट तिथेच बंद होते. इंग्लंडने हे दोन्ही उपाय करून पाहिले, आणि एकेकदा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून तेथे ‘स्कूल सर्टिफिकेट’ नावाची परीक्षा होती. तिच्यात विषयांचा गट एकत्र उत्तीर्ण व्हावा लागे. एक विषय गेला की सगळेच गेले. १९५१ मध्ये तिच्या जागी ‘ओ लेव्हल’ आली आणि प्रत्येक विषयाचे प्रमाणपत्र वेगळे मिळू लागले. सुधारणा मोठी होती, पण ती मुख्यतः ग्रामर स्कूलमधल्या मुलांसाठी. अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेत मागे पडलेली बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांत जात, आणि त्यांतील बहुतेक जण पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र हाती न घेता कामाला लागत.

त्यांच्यासाठी १९६५ मध्ये ‘सीएसई’ ही दुसरी परीक्षा सुरू झाली. आखणी अशी होती: कोणत्याही विषयात वरच्या २० टक्के मुलांनी ओ लेव्हल द्यावी आणि त्यांच्या खालच्या ४० टक्क्यांनी सीएसई. उरलेल्या ४० टक्क्यांचे काय, याविषयी आखणी मौन बाळगून होती. सीएसईची पहिली श्रेणी ओ लेव्हलच्या उत्तीर्णतेइतकी मानावी असेही ठरले. कागदावर हे न्याय्य होते. पण बहुतेक पालकांच्या आणि मालकांच्या लेखी सीएसई ही दुय्यमच परीक्षा राहिली.

१९७२–७३ पासून शाळा सोडण्याचे किमान वय सोळा झाले. जी मुले पूर्वी परीक्षेआधीच बाहेर पडत, ती आता परीक्षेच्या वर्षापर्यंत बाकावर बसून होती. शाळांनी त्यांना गणिताच्या सीएसईला बसवले, कारण नोकरीच्या अर्जात गणिताचा रकाना असेच. ज्या मुलांचा विचार करून परीक्षा आखली नव्हती, अशी असंख्य मुले तीच परीक्षा देऊ लागली. परिणामी सर्वसाधारण मुलाला अपेक्षित असलेली चौथी श्रेणी सुमारे ३० टक्के गुणांवर मिळू लागली. प्रश्नपत्रिकेचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आपल्याला येत नाही, हा अनुभव घेऊन मूल परीक्षागृहातून बाहेर पडे, आणि त्याला सांगितले जाई की तुझी कामगिरी सर्वसाधारण आहे.

१८ ऑक्टोबर १९७६ रोजी पंतप्रधान जेम्स कॅलॅहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजमध्ये भाषण केले. पैशाअभावी स्वतः विद्यापीठात जाऊ न शकलेल्या या पंतप्रधानाने शाळांत नेमके काय शिकवले जाते, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. उद्योजकांची तक्रार होती की शाळेतून येणाऱ्या मुलांना साधे हिशेब येत नाहीत. साठच्या दशकात आलेल्या ‘नव्या गणिता’वरही, म्हणजे संच आणि मॅट्रिक्स यांच्यावरही, खापर फोडले जात होते. या वातावरणात १९७८ मध्ये गणिताच्या अध्यापनासाठी एक चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते गणितज्ञ विल्फ्रेड कॉकक्रॉफ्ट. समिती नेमली मजूर पक्षाच्या सरकारने. अहवाल आला तेव्हा सत्तेवर मार्गारेट थॅचर होत्या.

समितीने प्रथम प्रौढांकडे पाहिले. रोजच्या जगण्यात लोक गणित कसे वापरतात हे जाणण्यासाठी मुलाखती ठरवल्या, आणि पहिलीच अडचण अशी आली की ज्यांना विचारले त्यांतील निम्म्या लोकांनी, विषय गणित आहे हे कळताच, बोलण्यास नकार दिला. जे बोलले त्यांच्या बोलण्यातून भीती, असहायता आणि अपराधीपणा प्रकट झाला. त्यांत उच्चशिक्षितही होते. शाळा सोडून वीस-तीस वर्षे झालेली माणसे टक्केवारीच्या नुसत्या उल्लेखाने अवघडून जात होती. परीक्षेतल्या ३० टक्क्यांचा हा दीर्घकाळ टिकलेला अवशेष म्हणावा लागेल.

उद्योजकांच्या तक्रारीचीही समितीने शहानिशा केली. जितका गाजावाजा होता तितका असंतोष प्रत्यक्षात आढळला नाही. कारखान्यांत आणि दुकानांत माणसे आपापले हिशेब करत होती. फक्त शाळेने शिकवलेल्या रीतीने नव्हे. अनेकांनी कामावर स्वतःच्या युक्त्या शोधल्या होत्या, आणि त्या ‘खऱ्या’ गणितात मोडत नाहीत अशी त्यांचीच समजूत होती.

यातून परीक्षेविषयी एक तत्त्व पुढे आले, आणि तेच या अहवालाचे खरे देणे. मुलाला काय येत नाही हे परीक्षेने उघडे पाडू नये. त्याला काय येते हे दाखवण्याची संधी तिने द्यावी. परीक्षेला बसल्यामुळे त्याचा आत्मविश्वास खचता कामा नये. अभ्यासक्रम वरून खाली कापत आणू नये, म्हणजे हुशार मुलाच्या अभ्यासक्रमातले कठीण भाग गाळून उरलेला तुकडा इतरांना देऊ नये. तो खालून वर बांधत न्यावा. आणि म्हणून, प्रत्येकाला झेपेल अशी वेगळी प्रश्नपत्रिका असावी.

१९८४ मध्ये शिक्षणमंत्री कीथ जोसेफ यांनी ओ लेव्हल आणि सीएसई एकत्र करण्याची घोषणा केली. कट्टर बाजारवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंत्र्याने त्याच वर्षी शेफील्डच्या भाषणात ध्येय मांडले होते की ८० ते ९० टक्के मुलांनी किमान त्या वेळच्या सर्वसाधारण पातळीपर्यंत पोचावे. नव्या परीक्षेचे नाव ‘जीसीएसई’. १९८६ मध्ये अध्यापन सुरू झाले, १९८८ मध्ये पहिली परीक्षा झाली. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात श्रेणी, आणि ‘जी’सुद्धा अधिकृतपणे उत्तीर्णच.

गणितात मात्र एक प्रमाणपत्र आणि तीन दरवाजे होते. वरचा, मधला आणि पायाभूत असे तीन स्तर आणि प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी. कॉकक्रॉफ्ट यांचे तत्त्व येथे शब्दशः पाळले गेले. पायाभूत स्तरावरच्या मुलाला आता न पेलणारे प्रश्न सोडवावे लागत नव्हते. पण सोप्या प्रश्नपत्रिकेवर वरची श्रेणी देता येत नाही, म्हणून प्रत्येक स्तराला छत होते. नव्वदच्या दशकात पायाभूत स्तराचे छत ‘डी’ होते आणि मधल्या स्तराचे ‘बी’.

‘डी’ आणि ‘सी’ यांच्यामधली रेघ ही नुसती रेघ नव्हती. ‘सी’ म्हणजे जुन्या ओ लेव्हलची उत्तीर्णता, असे समीकरण पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. पुढच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश असो, परिचारिकेचे प्रशिक्षण असो, शिक्षकाची नोकरी असो, अट ‘सी’चीच. दोन परीक्षा एक झाल्या, परंतु त्यांच्यातली भिंत पाडली गेली नाही. ती नव्या परीक्षेच्या पोटात सरकली. पायाभूत स्तरावर नाव नोंदवलेल्या मुलाने प्रत्येक प्रश्न अचूक सोडवला, शंभरपैकी शंभर मिळवले, तरी त्याला ‘सी’ मिळणे नियमानेच अशक्य होते.

आणि हे सर्वांना आधी समजलेलेही नसे. १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले आणि किती मुलांना पाच विषयांत ‘सी’ वा वरची श्रेणी मिळाली, यावर शाळेची प्रतिष्ठा ठरू लागली. डेव्हिड गिलबॉर्न आणि डेबोरा यूडेल या संशोधकांनी लंडनच्या दोन शाळांत दीर्घकाळ निरीक्षण करून २००० मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. रणांगणावरच्या रुग्णालयात जखमींची वाचू शकणारे आणि न वाचणारे अशी विभागणी होते, तशी विभागणी त्यांना वर्गांत दिसली. ‘डी’ आणि ‘सी’च्या सीमेवरच्या मुलांना जादा तास, जादा लक्ष, ज्यांची आशा नाही असे शाळेने मानले, ती पायाभूत स्तरावर. कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली मुले त्या खालच्या स्तरावर अधिक प्रमाणात आढळली. मुलांना दुखवू नये म्हणून केलेल्या व्यवस्थेची ही दुसरी बाजू होती.

या काळातला ‘कोर्सवर्क’चा प्रयोग थोडक्यात सांगावा असाच आहे. मुलांनी केवळ उदाहरणे न सोडवता स्वतः शोध घ्यावा, ही कॉकक्रॉफ्ट अहवालातली कल्पना. त्यातून ‘एम्माचा पेच’ हा प्रकल्प पिढीभर गाजला. रोमन लिपीत एम्मा या नावात चार अक्षरे आणि त्यांत ‘एम’ दोनदा. त्यांच्या मांडण्या किती? बारा. ल्यूसी या नावात चारही अक्षरे वेगळी, मांडण्या चोवीस. का? येथून मुलाने क्रमपर्यायाचा नियम स्वतः शोधावा, अशी अपेक्षा. काही वर्षांत तयार उत्तरे महाजालावर मिळू लागली आणि शोध नावापुरता उरला. २००६ मध्ये शिक्षणमंत्री ॲलन जॉन्सन यांनी गणितातले कोर्सवर्क बंद करण्याचे जाहीर केले. फारसे कोणी रडले नाही.

स्तरांचा प्रश्न मात्र धगधगत राहिला. २००० मध्ये बारावीच्या तोडीच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेची रचना बदलली. पुढच्या वर्षी गणिताच्या पहिल्या टप्प्यात दर दहांपैकी जवळजवळ तीन विद्यार्थी नापास झाले आणि गणित घेणाऱ्यांची संख्या सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. त्या धक्क्यानंतर सरकारने संख्याशास्त्रज्ञ एड्रियन स्मिथ यांच्याकडे चौकशी सोपवली. २००४ च्या त्यांच्या अहवालाने जीसीएसईकडेही नजर वळवली आणि सांगितले की सुमारे ३० टक्के मुले अशा स्तरावर परीक्षा देतात जिथे ‘सी’ मिळूच शकत नाही. ही तीन स्तरांची रचना शक्य तितक्या लवकर बदला. २००८ च्या परीक्षेपासून दोनच स्तर उरले. पायाभूत स्तरावर आता ‘सी’ मिळू लागली. वीस वर्षांनी छताला झरोका पडला.

स्मिथ यांची दुसरी सूचना अधिक धाडसी होती: इतर विषयांच्या मानाने गणिताचा भार मोठा आहे, तर त्याला दोन प्रमाणपत्रांचे मोल द्यावे. तिचा पाठपुरावा म्हणून २०१० मध्ये इंग्लंडमध्ये जोड-परीक्षेचा प्रयोग सुरू झाला. एक परीक्षा गणिताच्या पद्धतींची, दुसरी त्यांच्या उपयोगाची. प्रयोग रुजण्यापूर्वीच नव्या सरकारच्या सुधारणांत विरून गेला. शेजारच्या वेल्सने मात्र ती वाट धरली. तेथे २०१५ पासून ‘गणित’ आणि ‘गणित–अंकसाक्षरता’ या दोन स्वतंत्र जीसीएसई शिकवल्या गेल्या, आणि २०२५ पासून त्या जोडून दुहेरी मोलाची एक परीक्षा झाली.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच परके वाटणार नाही. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय काही वर्षे ठेवला आणि पुढे काढून टाकला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच विचारले होते की दहावीला गणित ऐच्छिक का करू नये. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन प्रश्नपत्रिका केल्या. अभ्यासक्रम एकच, पण ‘बेसिक’ देणाऱ्याने अकरावीला गणित घेऊ नये अशी मूळ योजना होती. सोपी प्रश्नपत्रिका आणि तिच्यावरचे छत ही जोडी येथेही एकत्रच आली.

इंग्लंडमध्ये २०१० नंतरचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांचे मत होते की परीक्षा सोप्या झाल्या आहेत. २०१२ मध्ये त्यांनी जीसीएसईच्या जागी नवे प्रमाणपत्र आणण्याचे ठरवले, काही महिन्यांतच तो बेत सोडला आणि जीसीएसईच अवघड केली.

जुन्या परीक्षेचे दिवस भरत आले असताना, २०१५ च्या जूनमध्ये एका प्रश्नाने मुलांना चिडवले. हॅनाकडे काही गोळ्या आहेत, त्यांतील सहा नारंगी. तिने एकामागून एक दोन गोळ्या खाल्ल्या. दोन्ही नारंगी असण्याची संभाव्यता एक तृतीयांश. यावरून एक वर्गसमीकरण सिद्ध करा. परीक्षा संपताच समाजमाध्यमांवर हॅनाची थट्टा आणि परीक्षा मंडळाचा निषेध यांचा पूर आला. वस्तुतः उत्तर दोन ओळींचे आहे: एकूण गोळ्या ‘न’ धरल्या, तर सहा छेद ‘न’ गुणिले पाच छेद ‘न’ वजा एक बरोबर एक तृतीयांश, त्यातून ‘न’चा वर्ग वजा ‘न’ बरोबर ९०, म्हणजे गोळ्या दहा. गणित कठीण नव्हते. संभाव्यतेच्या गोष्टीतून बीजगणिताच्या समीकरणाकडे उडी मारण्याची सवय मुलांना लावलेली नव्हती.

नवी परीक्षा २०१७ मध्ये झाली. अक्षरांच्या जागी ९ ते १ हे अंक; प्रत्येकी ८० गुणांच्या तीन प्रश्नपत्रिका; आशय अधिक; बरीचशी सूत्रे पाठ. (महासाथीनंतर, २०२२ मध्ये, सूत्रांचा कागद तात्पुरता देण्यात आला. पुढच्या वर्षांतही तो मिळतच राहिला.) जुन्या ‘सी’ची जागा ४ ने घेतली. पायाभूत स्तराचे छत ५, वरच्या स्तराची तळपायरी साधारणपणे ४. या पहिल्या परीक्षेत वरच्या स्तरावर ४ ही श्रेणी वीस टक्क्यांहूनही कमी गुणांवर मिळाली. कॉकक्रॉफ्ट यांना ३० टक्क्यांची लाज वाटली होती. पस्तीस वर्षांनंतर, सुधारणेच्या नावाखाली, इंग्लंड त्याही खाली उतरले. फरक इतकाच की आता दार उघडे होते आणि उंबरठा उंच.

याच दशकात आणखी एक निर्णय झाला, आणि त्याचा भार सर्वांत दुबळ्या मुलांवर पडला. २०११ मध्ये ॲलिसन वुल्फ यांनी व्यवसायशिक्षणावरच्या अहवालात दाखवले की रोजगाराच्या बाजारात गणित आणि इंग्रजीच्या ‘सी’ला पर्याय नाही, म्हणून ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी सोळानंतरही हे विषय शिकत राहावे. निदान अचूक होते. २०१४ पासून सरकारने महाविद्यालयांचे अनुदान या अटीला बांधले, आणि पुढच्या वर्षी ‘डी’ मिळालेल्यांना जीसीएसईच पुन्हा देणे भाग पडले. गवंडीकाम किंवा केशरचना शिकायला आलेला सतरा वर्षांचा मुलगा आता आठवड्यातून काही तास पुन्हा त्याच अपूर्णांकांसमोर बसू लागला. २०२४ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांवरील दीड लाखाहून अधिक जणांनी गणित पुन्हा दिले; ४ किंवा अधिक श्रेणी मिळाली ती सुमारे १७ टक्क्यांना.

यात एक गाठ अशी आहे की ती सहसा दिसत नाही. श्रेणी वर्षागणिक फुगू नयेत म्हणून परीक्षा नियामक ‘ऑफक्वाल’ निकाल आधीच्या वर्षांशी जुळवून ठेवतो. २०१७ पासून घेतल्या जाणाऱ्या एका नमुना चाचणीत सर्व मुलांची कामगिरी खरोखर सुधारलेली दिसली, तर रेघ हलवण्याची सोय आहे. एरवी प्रमाण बहुतांशी तेच राहते. म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ तीन सोळा वर्षांची मुले दरवर्षी ४ च्या खाली असणार, हे परीक्षेच्या आधीच बरेचसे ठरलेले असते. २०१९ मध्ये शाळाप्रमुखांच्या संघटनेने नेमलेल्या आयोगाने गणित आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत ही श्रेणी न मिळालेल्या मुलांना ‘विसरलेला तिसरा हिस्सा’ असे नाव दिले.

२०२३ च्या जानेवारीत पंतप्रधान ऋषी सुनक यांनी सर्वांना अठराव्या वर्षापर्यंत गणित शिकवण्याची घोषणा केली. शिक्षक कोठून आणणार, हा पहिला प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर येण्यापूर्वीच त्यांचे सरकार गेले. २०२४ मध्ये नव्या सरकारने त्या मागची परीक्षा योजना रद्द केली. २०२५ च्या शरद ऋतूत दोन कागद आले: सोळानंतरच्या शिक्षणाची श्वेतपत्रिका आणि बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासक्रम समितीचा अहवाल. श्रेणी फारच कमी असलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा तीच परीक्षा द्यायला न लावता, आधी एका खालच्या पातळीच्या नव्या प्रमाणपत्राची पायरी द्यावी, अशी कल्पना त्यांतून पुढे आली. त्या पायरीवरून किती मुले वर चढतील आणि किती तिच्यावरच थांबतील, हे १९६५ मध्ये सीएसई आणतानाही कोणी विचारले नव्हते. यंदा निदान महाविद्यालयांचे शिक्षक तो प्रश्न आधीच विचारत आहेत.